अक्कांची नायिका आणि चाचांची क्लॅरिनेट

लग्नसराईच्या तोंडावर आमच्या गल्लीतल्या बँडची तालीम सुरू झाली की लोक खिडक्या लावून घेत. वरच्या मजल्यावरच्या अक्का तेवढ्या सताड उघडत. एखाद्या दुपारी तालीम झाली नाही, तर पदर खोचून खाली येत आणि बँडच्या खोलीच्या दारात उभ्या राहून विचारत, "आज काय सुतक शे का?"

अक्का मूळच्या पिंपळनेरच्या. बोलणं पुस्तकी, पण रागावल्या की थेट अहिराणीत उतरत. जळगावात पोस्टातून निवृत्त झाल्यावर त्या दिवाळी अंकांसाठी कादंबऱ्या लिहू लागल्या. मी पाचोऱ्याहून बदली होऊन त्यांच्या खालच्या खोलीत राहायला आलो, तेव्हा त्यांची सुमन नावाची नायिका ऐन भरात होती.

कादंबरीतल्या प्रत्येक पात्राचं बँडमधलं एक वाद्य ठरलेलं. ट्रम्पेट म्हणजे सुमनचा मामा, कारण तो यायचा तो भांडतच. मोठा ढोल म्हणजे तिचे होणारे सासरे. आणि सुमन म्हणजे रहीमचाचांची क्लॅरिनेट. चाचा एरवी गाद्या शिवायचे आणि लग्नात वाजवायचे. "मला काही सुचत नाही हो, भाऊ," अक्का म्हणत. "चाचा वाजवतात, सुमन बोलते, मी लिहून घेते."

एकदा चाचा आठवडाभर नुसती रडकी गाणी वाजवत राहिले. अक्कांनी माझ्या हाती शेवभाजीचा डबा देऊन मला त्यांच्या घरी धाडलं. "काय बिनसलंय ते विचारून या. रडून रडून पोरीचे डोळे सुजलेत माझ्या." चाचांचं मोठ्या भावाशी वाजलं होतं. डबा पोचला, दोन दिवसांनी भांडण मिटलं आणि सुमन मैत्रिणींबरोबर जत्रेला जाऊन हसून आली.

मग असोद्याच्या एका वरातीत फटाक्याने घोडा बिथरला. चाचा धक्का लागून पडले आणि वरचे पुढचे दात गेले. क्लॅरिनेट वरच्या दातांवर टेकवून वाजवतात. आता फुंकलं की नुसती हवा जायची. इकडे सुमन बोहल्यावर उभी. गिरणीमालकाच्या मुलाशी लग्न लागायचं होतं, आणि दिवाळी अंकाचे संपादक रोज फोन करत होते.

"अंतरपाट धरून ठेवलाय," अक्का हताशपणे म्हणाल्या. "भटजींचे हात भरून आले असतील."

मी मोबाइलवर एका नावाजलेल्या वादकाची क्लॅरिनेट लावून दिली. त्यांनी डोळे मिटून ऐकली आणि मोबाइल परत केला. "गुणी आहे. पण ही दुसऱ्यांची मुलगी."

शेवटी त्यांनीच चाचांना रिक्षात घातलं. चाचा वाटभर कुरकुरत होते. "बहनजी, इस उमर में दात लगाके किसको दिखाना?"

"दाखवायला नाही हो, वाजवायला!"

डॉक्टरांनी चावायला त्रास होतो का, असं विचारलं. चाचांच्या आधी अक्का म्हणाल्या, "चावायचं राहू द्या. सूर लागला पाहिजे."

नवे दात बसल्यावर पहिल्या दिवशी क्लॅरिनेटमधून कुकरच्या शिट्टीसारखा आवाज निघाला. ट्रम्पेटवाला हसून लोळला. चाचा मात्र हटले नाहीत. हळूहळू सूर लागला, पण तो जुना नव्हता. आधीचा मऊ, लाजरा होता. हा स्वच्छ आणि खणखणीत. वरच्या खिडकीत अक्का दुपारभर लिहीत होत्या. उन्हं कलल्यावर खाली आल्या, त्या गोंधळलेल्या चेहऱ्यानेच.

"सुमन नाही म्हणाली."

"कशाला?"

"लग्नाला! अंतरपाट हातानं बाजूला सारला आणि मांडवातून निघून गेली. मी थांबवत होते, भाऊ. ऐकेचना."

संपादकांना ठरलेला गोड शेवट हवा होता. अक्कांनी फोनवर अहिराणी सुरू केली तेव्हा ते नमले. अंक आल्यावर अक्कांनी तो शेवट बँडच्या खोलीत बसून चाचांना वाचून दाखवला.

"सारी उमर शादी में बजाया, बहनजी," चाचा म्हणाले. "शादी तोडी पहिली बार." आणि तोंडावर हात धरून असे हसले की डोळ्यांत पाणी आलं.

पुढच्या हिवाळ्यात चाचा गेले. त्यांच्या जागी बँडने कीबोर्ड आणला. अक्कांनी तो काही दिवस ऐकला. "याला श्वास घ्यावा लागत नाही, मग माणसं कशी जगतील यावर?" एवढंच म्हणाल्या, आणि लिहिणं थांबलं. वर्षअखेरीस मुलगा येऊन त्यांना धुळ्याला घेऊन गेला. गाडीत बसेपर्यंत त्या बँडच्या खोलीकडे बघत होत्या.

गेल्या महिन्यात धुळ्याला गेलो, तेव्हा भीत भीतच दार वाजवलं. अक्का खूप वाळल्या होत्या, पण मांडीवर कागद होते. आतल्या खोलीतून पेटीचे सूर येत होते. नोकरीतून मोकळी झालेली सून पेटी शिकत होती. चार सूर, चूक, पुन्हा पहिल्यापासून.

"नवी कादंबरी?" मी विचारलं.

"हो. एक गृहस्थ घर सोडून निघालाय. उंबऱ्यापर्यंत जातो, काहीतरी विसरतो, परत येतो. सत्तर पानं झाली."

"मग निघणार कधी तो?"

अक्कांनी मला ओठांवर बोट ठेवून गप्प केलं आणि आतल्या खोलीकडे कान दिला.

"हळू बोला, भाऊ," त्या कुजबुजल्या. "आत्ता चप्पल घातलीय त्याने."