मावशी, मी प्रेमला विचारलं

अमडापूरच्या झुंबरबाईंना गप्प बसणं कधी जमलंच नाही. मुलगा प्रेम दारूच्या नादी लागला, तसं त्यांचं बोलणं आणखी वाढलं. तो ट्रॅक्टरच्या गॅरेजवर गेला नाही, की मालक कारभारीभाऊंना यांचा फोन जायचा, "पोराले ताप हाये, भाऊ." सून काजल चिडली, की तिची समजूतही त्याच काढायच्या.

शेवटी काजलनंच प्रेमला खामगावच्या व्यसनमुक्ती केंद्रात दाखल केलं. तिथून निरोप आला, घरच्यांनीही यायचं.

"दारू तो पेते, मी काऊन जाऊ?" झुंबरबाई फणकारल्या. पण गेल्या.

समुपदेशक रुपालीताईंनी विचारलं, "प्रेम, घरी जायची भीती वाटते का?"

"त्याले कायची भीती? लहानपणापासून तो..."

"मावशी, मी प्रेमला विचारलं," ताई हसून म्हणाल्या.

झुंबरबाईंनी पदराचं टोक दातांत धरलं. मग प्रेम म्हणाला, "माय माह्यासाठी लबाड बोलते. मले लाज वाटते. अन् लाज वाटली का मी पेतो."

काजलला रडू फुटलं. झुंबरबाई येताना बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसल्या. मुलाचा राग आला होता, ताईंचाही. पण पुढच्या वेळी बोलावणं आलं, तेव्हा चप्पल घालून सगळ्यांच्या आधी दारात उभ्या होत्या.

प्रेम घरी आला, कामाला लागला. पोळ्याला मात्र मित्रांनी आग्रह केला आणि त्याचा पाय घसरला. सकाळी कारभारीभाऊंचा फोन आला. "ताप हाये" हे झुंबरबाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्या उठल्या, बाजेवर पडलेल्या प्रेमच्या हातात फोन दिला. "तूच बोल, बाबू."

"भाऊ, काल पेलो," प्रेम म्हणाला. "आज खामगावले जाऊन राह्यलो. उद्या येतो."

झुंबरबाईंनी फोनजवळ कान नेला.

"ये," भाऊ म्हणाले.

त्या दिवशी तिघंही खामगावला गेले. त्यानंतर प्रेमनं दारूला हात लावलेला नाही. केंद्रात अजून जातो, काजलही सोबत असते.

यंदा दिवाळीनंतर झुंबरबाई लेकीकडे, अश्विनीकडे शेगावला राहायला गेल्या. घर सोडून राहायला त्या कित्येक वर्षांत कुठं गेल्या नव्हत्या. दर्शन झालं, जेवण झालं. "पोया तू कर संध्याकाळच्या," त्यांनी लेकीला बजावलं, "मले पडू दे जराशी." आणि भर दुपारी पंखा लावून त्या गाढ झोपल्या.