बदामाच्या पट्टीतला रस्ता

वदादने भावासाठी जमिनीवरचा हक्क सोडला, तेव्हा गावच्या मुख्तारने, म्हणजे गावप्रमुखाने, तिला दोनदा विचारलं, "नीट विचार केलायस ना, पोरी?" ती नुसती हसली. नजीबशी कसल्या वाटण्या करायच्या! तिनं लग्न केलं नव्हतं. बैरूतला चित्रकला शिकून आलेला हा धाकटा भाऊ म्हणजेच तिचा संसार. तिनं एवढंच मागितलं, की वळणावरची दगडी शेड, जिथं आजी रेशमाचे किडे पाळायची, ती चित्रांसाठी ठेवायची. आणि समोरच्या डोंगराच्या पायथ्याची आपली बदामाची पट्टी कुणाला द्यायची नाही. नजीबने तिचा हात कपाळाला लावला. "तुझ्या डोळ्यांची शपथ."

शेडचं चित्रघर झालं. नजीब आयुष्यभर तोच एक डोंगर रंगवत आला. गावात त्या डोंगराला नुसतं जबल, म्हणजे डोंगर, म्हणत. बर्फातला जबल, वणव्यात काळा पडलेला जबल, खाली बदाम फुललेले असताना पाठमोरा झोपल्यासारखा दिसणारा जबल. वदाद भिंतींना चुना लावायची, चित्रांना ओल धरू नये म्हणून हिवाळाभर शेगडी पेटती ठेवायची. रविवारी चर्च सुटलं की शहरातली माणसं गाड्या घेऊन वर यायची. त्यांना ती वेलची घातलेली कॉफी आणि अंजिराचा मुरंबा द्यायची. कुणी विचारलं, हे चित्र कुठून काढलंय, की दंडाला धरून दारात न्यायची. "ते बघा. त्या खडकाखाली बसला होता नजीब. पाठ धरली होती त्याची, मी आठवडाभर तेल चोळत होते."

मग खडीवाल्या कंपनीची नजर जबलवर गेली. दगड चांगला होता, पण वर जायला वाट नव्हती; ती काढायची तर पायथ्याच्या कुणाच्या तरी जमिनीतूनच. जमीन द्यायची की नाही, हे ठरवायला गावाची सभा चित्रघरातच भरली. नजीब उठला, आपल्या चित्रांसमोर उभा राहून म्हणाला, "या डोंगरानं मला हात दिलेत. त्याच हातांनी मी त्याला विकू?" रोट्यांच्या भट्टीवाली उम्म तनूस डोळे पुसत वदादला म्हणाली, "तुझ्या भावानं रडवलं गं मला. मी नवऱ्याच्या मयतीलासुद्धा एवढी रडले नव्हते."

वसंतात एका सकाळी वदाद कणीक मळत असताना यंत्राची घरघर ऐकू आली. ती तशीच पिठाच्या हातांनी उतरणीवरून पळाली. बदामाची झाडं मुळासकट आडवी झाली होती, फांद्यांवर हिरवे कोवळे बदाम तसेच होते. यंत्रावर गावातलाच शाकर बसला होता.

"बंद कर ते! कुणाला विचारून घुसलास?"

शाकरने यंत्र बंद केलं, पण खाली उतरला नाही. "आत्या, उस्ताद नजीबनीच दिलाय रस्ता." मग तिच्या तोंडाकडे बघून हळूच म्हणाला, "तुला... सांगितलं नाही त्यांनी?"

नजीब चित्रघरात फ्रेमा पुसत होता. तिला बघून त्यानं फडकं खाली ठेवलं.

"कधी दिलीस?"

"वदाद, आधी बस."

"सभेच्या आधी की नंतर?"

त्यानं फडकं पुन्हा उचललं. तिला उत्तर मिळालं. सभेच्या आधीच.

"डोंगर आज ना उद्या जाणारच होता," तो समजावू लागला. "आपण नसती दिली, तर दुसऱ्या कुणी दिली असती. आणि विचार कर, जबल इथं आहे ना, माझ्याकडे! सगळ्या ऋतूंतला. उद्या तो उरला नाही, की माणसं बघायला कुठं येतील? आपल्याकडेच. बैरूतहून आत्ताच निरोप यायला लागलेत."

त्याच्या आवाजात लाज नव्हती. उलट हुरूप होता. वदादला तो सगळ्यात जास्त लागला. म्हणजे तिनं चुना लावलेल्या भिंती, ती शेगडी, तो मुरंबा, सगळं याच दिवसासाठी राखून ठेवलं होतं की काय?

उन्हाळ्यात त्यानं मोठं प्रदर्शन भरवलं. समोर सुरुंग उडत होते, आत चषक भरले जात होते. वदादला वाटलं होतं, गावातलं कुणी फिरकणार नाही. पण मुख्तार आला. आठवडाभर नजीबला शिव्या घालणारी उम्म तनूससुद्धा नवा झगा घालून आली, आणि तिच्याच भट्टीतल्या झातरचा मसाला लावलेल्या रोट्या ताटांतून फिरू लागल्या. शहरातल्या एका बाईनं सवयीनं वदादला विचारलं, "हे कुठून काढलंय हो?"

"रस्ता झालाय तिथून," वदाद म्हणाली. "माझ्या भावानं विकलेल्या जागेतून."

नजीबच पहिला हसला. "बहीण दमलीये माझी. कामाचा ताण." मग सगळे हसले. उम्म तनूसही.

वदादने कमरेची चित्रघराची किल्ली काढून कॉफीच्या ताटात ठेवली आणि ती बाहेर पडली.

आता चित्रघरात पगारी मुलगी असते. कुठलं चित्र कुठून काढलंय, ते तिला सांगता येत नाही. ईस्टरला नजीबने खजुराच्या वड्यांचा डबा पाठवला. वदादने तो न उघडता परत केला. तेव्हा तो स्वतः तिच्या घरी आला, बराच वेळ दार वाजवत राहिला. "वदाद, अगं मी आहे."

"माहितीये," ती आतून म्हणाली, आणि खिडकीच्या चौकटीवर साचलेली दगडाची भुकटी पुसत राहिली.