बायच्या उंचीची दोरी

आमची बाय काल दुसऱ्यांदा घर सोडून गेली.

पहिल्यांदा गेली तेव्हा दुसरी मोठी लढाई नुकतीच संपली होती आणि मी सहा-सात वर्षांची होते. मी बोलतेय, नात टाइप करतेय, आणि मधूनमधून "आजी, स्लो" म्हणून दटावतेय.

बाय म्हणजे माझी थोरली बहीण. आई मला जन्म देऊन गेली. त्यामुळे माझी वेणी, माझा ताप, माझे हट्ट, सगळं बायच्या पदरात.
तुझी आई कोण, असं कुणी विचारलं की मी बायकडे बोट दाखवायचे.

बाय लहान असताना तापाने फणफणली होती. तेव्हा बापूस, म्हणजे आमचे वडील, चर्चमध्ये गुडघे टेकून देवाला बोलून आला होता, पोर वाचली तर तुझी.

पोर वाचली.
मग अख्ख्या उत्तन गावाने तिला देवाची ठरवून टाकलं. तिला स्थळ आणायची कुणाची छाती नव्हती. तिला विचारलं मात्र कुणीच नाही.

ती मोठी झाल्यावर बापूस तिला फादरकडे घेऊन गेला. हिला कॉन्व्हेंटमध्ये घ्यायला सांगा म्हणाला. मी शेपटासारखी मागे होतेच.

फादर म्हातारे आणि तिरसट.
"नवस कोणी केला?"
"मी."
"मग तूच फेड. देवदूत आला तेव्हा त्याने मरियामातेला विचारलं. तिच्या बापाला नाही."

बापूसचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

पोरीच्या उंचीची मेणबत्ती लावून नवस फेडायचा, असं ठरलं. बापूसने जाळ्याच्या दोरीने बायला टाचेपासून डोक्यापर्यंत मोजलं आणि तिथे गाठ मारली. त्या दिवसांत मेण मिळायची मारामार. कुठून कुठून जमवलं त्याचं त्यालाच ठाऊक.

मेणबत्ती जळून संपली त्या दिवशी तो घरी येऊन म्हणाला, "पोरी, आता तू मोकली हायस. लगीन कर, घरी रहा, तुझी मर्जी."

मी अंगणभर नाचले. बाय राहणार!

बाय बोंबील वाळत घालत होती. हात न थांबवता म्हणाली, "मग मी जातंय."
"अगो, नवस फिटला ना?"
"तुझा फिटला. आता माझ्या मनानं जातंय. इतके दिवस मना कोणी इचारलंच न्हाय."

बापूस त्या दिवशी जेवलाही नाही.

जायच्या सकाळी भाईंदर स्टेशनला जाणारी बैलगाडी दारात उभी होती. मी खुंटीवरची ती दोरी काढली. एक टोक माझ्या मनगटाला बांधलं, दुसरं बायच्या.

बायला ती गाठ सहज सुटली असती. तिने सोडली नाही. माझ्यासमोर खाली बसली.
"तू सोड," म्हणाली. "माझ्यावर जबरी न्हाय, तशी तुझ्यावर पण न्हाय."

मी मान हलवली. न्हाय.

ती वाट बघत बसली. गाडीवाला हाका मारून दमला. शेवटी बापूसनेच गाठ सोडली.

दोरी माझ्याकडे राहिली.
कितीतरी वर्षं मी भिंतीला टेकून त्या दोरीशी उंची मोजायचे. पुरले कधीच नाही. बाय उंच होती. संध्याकाळी चर्चची घंटा झाली की रस्त्याकडे बघत बसायचे. एवढी आठवण मला पुढे कुणाचीच आली नाही.

ती भेटायची, वर्षा-दोन वर्षांनी. पांढरा झगा, नवीन नाव, सगळ्यांची सिस्टर.
"खुश हायस?" मी विचारायचे.
"हाय."
खरंच होती. तेच मला खुपायचं.

निघताना दर वेळी हसून मनगट पुढे करायची. "सोडलीस का गो?"
मी विषय बदलायचे.

काल कॉन्व्हेंटच्या चॅपलमध्ये दोरी घेऊन गेले. शवपेटीतल्या बायशेजारी धरून पाहिली. दोरी लांब निघाली. वयाने बाय केवढीशी झाली होती.

मग एक टोक तिच्या मनगटाला बांधलं आणि एक माझ्या.
नातीला वाटलं, आजीचं डोकं फिरलं.

सोडायला मात्र वेळ लागला. बोटं आता वळत नाहीत.
"आजी, मी सोडू?"
"न्हाय," म्हटलं. "मना इचारलंय."

सोडली गो.

जा बाय. माझं हो आहे.