पिवळा चीक

पत्रे बसवणाऱ्याची मान उन्हाळ्यात आधी लाल होते, मग सोलते. म्हणून गल्लीतले पत्रेवाले संध्याकाळी शिडी भिंतीला टेकवली की थेट मिस्त्रींच्या ओट्यावर यायचे. तिथे मिस्त्रींची बायको, म्हणजे सगळ्यांची वहिनी, वाटीत कोरफडीचा गर घेऊन बसलेली असायची. लग्न होऊन आल्यापासून तिने गल्लीच्या माना थंड केल्या होत्या. "वहिनींच्या हाताला गुण आहे," एवढं कुणी म्हटलं की तिचं पोट भरायचं.

मग दिराचं लग्न झालं.

नवी जाऊ आली ती काकडी घेऊन. काकडी किसायची, दह्यात कालवायची, वर पुदिना चुरडायचा आणि भाजलेल्या कातडीवर थापायचं. सोबत बोलणं इतकं गोड, की माणूस औषधाआधीच निम्मा बरा. बघता बघता ओट्यावरची गर्दी सरकली आणि शेजारी धाकटीच्या दाराशी जाऊन बसली. वहिनीच्या अंगाचा तिळपापड झाला. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, पण इथे पीक हिचं आणि बाजार तिचा! वर खुद्द मिस्त्री एकदा मान चोळत म्हणाले, "काही म्हण, धाकटीची काकडी गारच."

"मग चहाही तिच्याचकडे प्या," ती म्हणाली, आणि दोन दिवस खरोखरच चहा टाकला नाही.

एका संध्याकाळी धाकटी धावत आली. "ताई, काकडी संपली हो. बाहेर सगळे बसलेत. कोरफडीचं एक पान देता?"

आता, कोरफडीचं पान कापल्या कापल्या वापरत नाहीत. कापलेलं टोक खाली करून ते पेल्यात उभं ठेवायचं, पिवळा चीक गळू द्यायचा, पान धुवायचं आणि मगच सोलायचं. तो चीक भाजलेल्या कातडीला लागला तर थंडावा राहिला बाजूला, वर खाज आणि आग. वहिनीला हे झोपेतही सांगता आलं असतं. शब्द ओठांवर आलेही होते. तिने ते गिळले आणि कुंडीतलं सगळ्यात जाड पान कापून दिलं.

मग ती खिडकीशी कान देऊन बसली. होऊ दे बोंबाबोंब, कळू दे कुणाच्या हाताला काय आहे ते. तिला चक्क बरं वाटत होतं.

पण बोंब काही उठली नाही. उलट धाकटीच पुन्हा दारात उभी राहिली. गच्चीवर कपडे वाळत घालून भाजलेल्या तिच्या हातावर चट्टे उठले होते.

"दुसऱ्याला लावण्याआधी मी स्वतःला लावून बघते," ती म्हणाली. "बरं झालं."

वहिनीने तिला ओढतच मोरीवर नेलं, हातावर गार पाणी सोडलं. "अगं, चीक गळू द्यायचा असतो. सांगायला विसरले मी."

धाकटी पाण्याकडे बघत राहिली. "विसरला नव्हतात, ताई. माझ्या मागे दार लावताना हसत होतात तुम्ही." मग म्हणाली, "आता सांगितलंत ना? मग दाखवाही."

वहिनीने खाली मान घालून पान पेल्यात उभं केलं. चीक गळून गेल्यावर तिने ते धुतलं, सोललं आणि गर वाटीत काढून दाखवला.

बाहेर आल्यावर धाकटीने ती वाटी सगळ्यांसमोर वहिनीच्या हातात दिली. "आज ताईच लावतील. मी यांच्याकडून शिकतेय. खरा गुण यांच्याच हाताला आहे."

पत्रेवाल्यांनी माना डोलावल्या. मिस्त्रींनी तर पहिली मान पुढे केली. जे हवं होतं ते सगळं वहिनीला परत मिळालं होतं. पण गर लावता लावता तिच्या पोटात पुन्हा दुखायला लागलं, आधीपेक्षा जास्त. काकडीची बरोबरी तिने कधीतरी केली असती. धाकटी आत्ता जे बोलली, ते तिला स्वतःला कधीच बोलता आलं नसतं.