संशय कुणावर घ्यायचा

वरठीच्या स्टेशन रस्त्यावर रीनाचं औषधांचं दुकान आहे. दुपारी गिऱ्हाईक तुरळक असतं, तेव्हा ती काउंटरमागे बसून रहस्यकथा लिहायची. लिहायची, पण वाचायची नाही. कॉलेजात असताना तिची एक गोष्ट ऐकून मैत्रीण म्हणाली होती, "हे तर कुठंतरी वाचलंय." तेव्हापासून रीनानं रहस्यकथांना हात लावला नव्हता. दुसऱ्याचं काही नकळत आपल्या लिखाणात उतरेल, ही धास्ती.

तिच्या सासूबाई ललिताबाई नेमक्या उलट. तुमसरच्या प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या, आणि आयुष्यभर रहस्यकथांचा फडशा पाडलेल्या. त्यांना दूधवाल्यावर संशय, मीटर पाहायला येणाऱ्यावर संशय, आणि फोनवर हळू बोलणाऱ्या स्वतःच्या मुलावर, प्रितमवर, तर कायमच.

एका रविवारी रीनानं धीर करून नवी कथा सासूला वाचून दाखवली. कथेत एका डॉक्टरचा खून होतो. दुसऱ्या पानालाच ललिताबाई सुपारी कातरता कातरता म्हणाल्या, "कंपाउंडरनं मारलं."

रीना थबकली. शेवट तिनं कुणालाच सांगितला नव्हता.

"आई, तुम्ही माये कागद वाचले काय?"

"मी कायले वाचू?"

रीनाचा विश्वास बसला नाही. पुढची कथा तिनं मोबाईलवर लिहिली, कुलूप लावून. ती ऐकतानाही ललिताबाईंनी अर्ध्यातच गुन्हेगार सांगितला. आता मात्र रीना चिडली.

"तुमाले समजते तरी कसं?"

"पहिल्या पानावर जो चहा आणून देते अन् ज्याचं नाव कोणी विचारत नाही, तोच असते. मी हेच वाचत म्हातारी झालो. तुले वाटते, तू नवीन लिहून राहिली. तू वाचतच नाही, त मळलेली वाट तुले दिसन कशी?"

हे रीनाच्या जिव्हारी लागलं. ती भंडाऱ्याच्या वाचनालयात जाऊन पुस्तकं आणू लागली. आधी झालं ते वाईटच. तिला सुचलेलं प्रत्येक वळण कुणीतरी आधीच घेऊन गेलेलं. स्वतःच्याच वाक्यांकडे ती चोरीचा माल बघावा तशी बघू लागली. लिहिणं थांबलं.

वाचणं मात्र थांबलं नाही, आणि त्याचा परिणाम दुकानात दिसू लागला. आंबागडकडचा एक अबोल माणूस झोपेच्या गोळ्या घ्यायला यायचा. रीना त्याची चिठ्ठी उलटसुलट करून बघायची, डॉक्टरची सही न्याहाळायची. एकदा तिनं विचारलंच, "कोणासाठी घेता?"

"बायकोसाठी," तो म्हणाला. "कॅन्सर आहे तिले. दुखण्यानं झोपत नाही."

गोळ्या देताना रीनाला मान वर करवेना. त्या माणसानं काय केलं होतं? कमी बोलला, एवढंच. बाकी सगळं तिच्या डोक्यानं रचलं होतं, आणि ते रचायला तिला पुस्तकांनी शिकवलं होतं. वाचणारा कुणाकडे बोट दाखवणार, हे आता तिला आधीच कळत होतं.

त्याच आठवड्यात तिनं लिहायला घेतलं. गावच्या तलावाच्या मच्छीमार संस्थेचा अध्यक्ष नाहीसा होतो. त्याचा गमछा पाळीवर, तलावाच्या बांधावर सापडतो. तलावाचा चौकीदार कुणाशी बोलत नाही.

"चौकीदार," ऐकता ऐकता ललिताबाईंनी लगेच सांगून टाकलं.

रीना पुढं वाचत राहिली. गावही चौकीदारावरच संशय घेतं. दुकानदार त्याला सामान देईनासा होतो, त्याच्या पोरीचं जमलेलं लग्न मोडतं, आणि एका सकाळी तो बिऱ्हाड घेऊन निघून जातो. पुढं अध्यक्ष परत येतो, धडधाकट. घरी भांडून रायपूरला मेहुण्याकडे जाऊन राहिला होता. खून झालेलाच नसतो. लोक चौकीदाराला शोधायला निघतात, पण त्याचं गाव कुठलं हे कुणालाच ठाऊक नसतं.

ललिताबाईंचा अडकित्ता हातातच राहिला.

"म्हणजे मीबी त्याले हाकलून देल्लो म्हणाव काय?"

रीनानं वाचलेले कागद नीट लावले.

"असं कुठंच वाचलो नाही मी," त्या पुटपुटल्या. मग डोळे बारीक करून म्हणाल्या, "खरं सांग, कुठून उचललं?"

कथा नागपूरच्या एका दिवाळी अंकात छापून आली. एका वाचकाचा गोंदियाहून फोन आला. अशीच एक जुनी कथा आपण वाचल्याचं तो जरा खवचटपणे म्हणाला. पूर्वीची रीना असती तर तिनं लिहिणं सोडलं असतं. आता तिनं पेन उचललं आणि विचारलं, "पुस्तकाचं नाव सांगता? मला वाचायचंय."