पाइपाचं पुढचं टोक

आमच्या गावचा आगीचा बंब मी चालवते आणि पाइपावर माझ्या दोन वहिन्या असतात. थोरली कपडे शिवते, धाकटी पाव भाजते. पगार कुणालाच नाही. भोंगा वाजला की हातातलं काम टाकून धावायचं. नियम एकच. जो आधी पोहोचेल तो पाइपाच्या पुढे, नोझल त्याच्या हातात. बाकीचे आले तसे मागे.

वर्षानुवर्षं पुढे थोरलीच असायची. पाय चपळ, जीभ त्याहून चपळ. सगळ्यांची जाकिटं तिनेच शिवलेली. कुणाचं बटण तुटलं तर आधी चार शब्द ऐकायचे, मग बटण मिळायचं. मोठमोठे गडी तिला टरकून असत. मला ती आवडते, हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून तसं वाटणार नाही.

मग धाकटीने बंबाच्या शेडसमोरच भट्टी टाकली. भोंगा वाजला की ही रस्ता ओलांडून हजर, आणि थोरली गल्लीतून धापा टाकत येईपर्यंत नोझल हिच्या हातात. थोरलीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

"वन्सं, तुम्हीच सांगा, पिठाच्या हातातून नोझल निसटणार नाही?"

"हात धुते ती, वहिनी."

"घ्या! तुम्हीपण तिच्याच!"

धाकटी बिचारी तिला ताई-ताई करायची, गरम पाव पाठवायची. थोरली ते पाव खायची आणि खाता खाता नावं ठेवायची. लोक धाकटीचं कौतुक करायला लागले तशी तिची भूक गेली, झोप गेली. शेवटी तिने डोकं चालवलं. एक दिवस पाइपाचं पितळी नोझल काढून गुपचूप पिशवीत टाकलं. आता कुणी कितीही आधी येवो, नोझल आपल्याबरोबरच येणार! कुणाला वेगळं काही सुचलं असतं, पण हिला हेच सुचलं.

आणि नेमकी ती शेजारच्या गावी शाळेच्या गणवेशाची मापं घ्यायला गेली असताना भोंगा वाजला. दूधवाल्याच्या गोठ्यालगत गवताची गंजी पेटली होती. मी बंब हाणला. तिथे पोहोचून पाइप सोडतो तर टोक बोडकं! पाणी बदाबदा पायापाशी पडायला लागलं, लांब जाईचना. धाकटी जाकीट ओढून तो बोडका पाइप घेऊन थेट गंजीला भिडली. गुरं वाचली, गोठ्याचं अर्धं छप्पर गेलं आणि धाकटीच्या भुवया जळाल्या.

परत आलो तेव्हा थोरली शेडमध्ये उभी होती. पिशवी पोटाशी, तोंड पांढरंफटक. आमचे कॅप्टन म्हणजे गावचे औषधवाले. ते सहसा आवाज चढवत नाहीत, पण त्या दिवशी त्यांनी शेड दणाणून सोडली. "नोझल कुठंय? ज्यानं नेलं असेल त्यानं पाइपाला परत हात लावायचा नाही!"

थोरलीचं सगळं त्या पुढच्या टोकात होतं. मला वाटलं, आता ही कोसळणार.

तेवढ्यात धाकटी म्हणाली, "मी नेलं होतं घासायला. भट्टीवरच राहिलं."

कॅप्टन एकदम नरमले. "तू? अगं, आज तू होतीस म्हणून गुरं वाचली. एवढी चूक झाली तर झाली. असू दे."

सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणीतरी तिच्यासाठी चहा आणायला पळालं. थोरली वाचली होती. गप्प राहायचं होतं फक्त. पण शेडभर धाकटीचं कौतुक चाललेलं, आणि ते हिला सोसवेना.

"खोटं बोलतेय ती!" तिने पिशवीतून नोझल काढून टेबलावर आदळलं. "मी नेलं! मी! माझी चूकसुद्धा हिच्या नावावर जाणार होय? तिथंही हिलाच शाबासकी?"

कॅप्टननी नोझल उचलून पाइपापाशी ठेवलं. मग कॅप्टन शांतपणे म्हणाले, "आजपासून तुम्ही पाइपावर नाही. मागे गाडीपाशी थांबायचं, पाइपाचा गुंता सोडवायचा."

थोरलीचा हुंदका फुटला. धाकटी पुढे झाली, तिचा हात धरला. "मग मीपण ताईंबरोबर मागेच थांबते."

थोरलीने हात झटकला. रडत रडतच माझ्याकडे वळून ओरडली, "बघितलंत, वन्सं? मागची जागापण मला एकटीला मिळू देत नाही!"