शेंदराखालचं निकेल

नव्वदीच्या सुरुवातीला जळगावच्या आमच्या कॉलेजात वर्णपट घेण्याचं एक जुनं यंत्र होतं. ते माझ्याशिवाय कुणाचं ऐकत नसे, हे मी तेव्हाही सांगायचे आणि आजही सांगते.

एके दिवशी नरडाण्याकडच्या खेड्यातून एक आबा पिशवीत दगड घेऊन आले. भर दुपारी मोठा आवाज होऊन तो त्यांच्या शेतात पडला होता. पाहणारे ते एकटेच. आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे त्यांनी त्याला तेल-शेंदूर लावून बांधावर बसवला. मग कुणीतरी उठवलं, हा भट्टीतला लोखंडाचा कचरा आहे, म्हातारा मुद्दाम देव करतोय. तेव्हापासून गावात त्यांच्या शब्दाला किंमत उरली नव्हती. तेवढी परत मिळावी म्हणून ते एवढ्या लांब आले होते.

आमच्या विभागप्रमुखांनी वरवरचा कीस घेतला. फोटोच्या काचेवर शिशाच्या रेषा ठसठशीत उमटल्या. ‘उल्केत एवढं शिसं नसतं, कचराच आहे,’ म्हणून ते मोकळे झाले. माझं डोकंच फिरलं. शेंदूर शिशाचाच असतो. दर शनिवारी मारुतीला लावायला वडिलांना तो तेलात खलून मीच दिलेला.

‘सर, तुम्ही दगडाचा नाही, पूजेचा वर्णपट काढलाय,’ मी म्हणाले. आतला तुकडा हवा होता, पण देव फोडायचा कसा? मी आबांना विचारलं. त्यांनी टोपी काढली, दगडाला हात जोडले.

‘फोड, पोरी.’

आतल्या तुकड्याची भुकटी कार्बनच्या कांड्यांमध्ये जाळली. प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरल्या जागीच रेषा काढतं, तिथे कुणाची वशिलेबाजी चालत नाही. शिशाचा मागमूस नव्हता. लोखंडाच्या रेषांमध्ये निकेलच्या रेषा मात्र स्वच्छ होत्या. अशी जोडी भट्टीच्या कचऱ्यात सापडत नाही, दगड आभाळातलाच होता. मला केवढा आनंद झाला.

आबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ‘निकेल माले नही समजत. तू गावमा ईसन सांगशी का?’

पुढच्या रविवारी मी एसटीने गेले आणि पारावर उभं राहून खणखणीत आवाजात सांगितलं. मग एक जण सरकला, जागा करत म्हणाला, ‘बठा, आबा.’

आबा बसले नाहीत.

‘मी ते पयलेच सांगेल व्हतं,’ एवढंच म्हणाले आणि घराकडे निघाले.